डेव्हची स्क्रीन अडकते का?

बी-३०४: सगळ्यांना नमस्कार, काल लेकाला लॅपटॉपवर डेंजरस डेव्ह लावून दिला, आपण कॉम्प्युटर क्लासला खेळायचो तोच. डेव्ह कडेला गेला की सगळं थांबतं आणि स्क्रीन सरकते मग परत चालू. तो म्हणतो बाबा हँग होतंय. काही सेटिंग आहे का?

ए-१०२: सेटिंग नाही हो दादा, तो गेमच तसा आहे! जॉन रोमेरो नावाच्या प्रोग्रामरने १९८८ ला ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिला, मारिओ गेम बघून सुचलेला, मग १९९० ला डॉसवर म्हणजे तेव्हाच्या पीसीवर आला. तेव्हाच्या पीसीला अख्खी स्क्रीन सारखी सारखी नव्याने काढणं झेपायचंच नाही म्हणून एकदम ढकलायची

डी-५०१: अय्या डेव्ह!! कप घेतल्याशिवाय दार उघडायचं नाही, १० लेव्हल होत्या ना? मी जेटपॅक संपून आगीत पडायचे दरवेळी

ए-१०२: हो ताई १०च. पण खरी गंमत पुढे आहे. रोमेरो सॉफ्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, अमेरिकेत लुईझियानात, तिथेच जॉन कारमॅक हा प्रोग्रामर पण होता. सप्टेंबर १९९० मध्ये कारमॅकला युक्ती सापडली की स्क्रीन सरकवताना सगळं परत काढायचं नाही, जो चौकोन बदलला तेवढाच काढायचा, म्हणजे निळ्या आभाळाच्या जागी परत निळं आभाळच येणार असेल तर हातच लावायचा नाही. मग त्याने आणि तिथल्याच टॉम हॉलने एका रात्रीत मारिओ ३ ची पहिली लेव्हल पीसीवर उभी केली आणि मारिओच्या जागी कोण ठेवला तर आपला डेव्ह! फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली, सकाळी त्याने बघितलं आणि बघतच राहिला

बी-३०४: बापरे एका रात्रीत? मग तो मारिओ बाजारात आला का

ए-१०२: नाही, मारिओवाल्या निनटेंडो कंपनीला दाखवला पण त्यांना पीसीवर नकोच होता. मग त्याच युक्तीवर त्यांनी स्वतःचा कमांडर कीन हा गेम केला, १४ डिसेंबर १९९० ला आला, आणि पुढे हीच मंडळी आयडी सॉफ्टवेअर ही गेम कंपनी झाली. मला तर डेव्हचा तो धक्का फार जवळचा वाटतो, मशीनची ताकद किती होती ते डोळ्याला दिसतं त्यात

डी-५०१: माझ्या मुलीला पण बघायचंय हे

ए-१०२: रविवारी ५ ला क्लबहाऊसला या सगळे, डेव्ह आणि कीन शेजारी शेजारी लावतो. दादा तुमचा लॅपटॉप पण आणा आणि चार्जर विसरू नका