ॲमेझॉनमधले आर्माडिलो आणि अँटईटर, सगळे रात्रीच फिरतात का?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, सध्या पेरूतल्या मनू नॅशनल पार्कचे कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप चालू होणारे जंगलातले कॅमेरे) व्हिडिओ बघायचा नाद लागलाय. आर्माडिलो (अंगावर कवच असलेले प्राणी) जवळपास सगळे रात्रीच्या क्लिपमध्येच येतात, पण जायंट अँटईटर (मोठा मुंगीखाऊ) चक्क दिवसाउजेडी आरामात चाललेला दिसतो, असं का? आणि एकाच जंगलात मुंग्या-वाळवी खाणारे इतके प्राणी, यांचं एकमेकांशी जमतं कसं? शिवाय आर्माडिलो घाबरला की अंगाचा चेंडू करतो असं ऐकलेलं, एकाही क्लिपमध्ये तसं दिसलं नाही. जाणकारांनी सांगा प्लीज.

वारूळवाला:
चेंडूचं आधी सांगतो. पूर्ण गोळा होणारे फक्त तीन पट्ट्यांचे आर्माडिलो, ते कोरड्या झुडपी रानातले, २०१४च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा मॅस्कॉट होता ना तो. पावसाळी जंगलातल्यांना ते जमत नाही, ते पळतात नाहीतर माती उकरून आत घुसतात. नऊ पट्ट्यांचा तर दचकला की जागेवरून सरळ वर उडी मारतो.

आता खाण्याचं. सगळे मुंगीखाऊ म्हटले तरी प्रत्येकाची जागा वेगळी आहे. नऊ पट्ट्यांचा किडे, अळ्या, भुंगेरे, पालापाचोळ्यात सापडेल ते खातो. जायंट आर्माडिलो तीस किलोच्या पुढे जाणारं धूड, मधल्या बोटाची नखी वीतभर, तो वाळवीची वारुळं मुळापासून खणून काढतो. नागड्या शेपटीचा आर्माडिलो बहुतेक वेळ जमिनीखालीच असतो. टमांडुआ, म्हणजे मधल्या आकाराचा अँटईटर, जमिनीवर पण आणि झाडावर पण, दिवसा पण आणि रात्री पण. आणि सिल्की अँटईटर, पाव किलोच्या आसपासचा जीव, रात्रभर फांद्यांवर मुंग्या शोधतो आणि खाली क्वचितच उतरतो. म्हणून जमिनीलगत लावलेल्या कॅमेऱ्यात तो जवळपास येतच नाही, आणि लोक लगेच तो दुर्मिळ म्हणून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. २०१८मध्ये त्याच्या एका जातीच्या सात जाती केल्या संशोधकांनी, इतकी वर्षं ते कळलं नव्हतं.

कोकणी_पाखरू:
वेळेचं मी सांगते. मुंग्या-वाळवीत ताकद कमी, त्यामुळे यांचं शरीर मंद चालतं, जायंट अँटईटरचं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. म्हणून ऊन आणि थंडी दोन्ही सांभाळून फिरावं लागतं. ब्राझीलच्या पंतानालमध्ये, जिथे उघडं माळरान आहे तिथे, तो गरम दिवसांत रात्री फिरतो आणि थंडी पडली की दिवसा बाहेर येतो, रात्री झुपकेदार शेपटी पांघरून झोपतो. दाट जंगलात सावली असते, मग दिवसा दिसला तर नवल नाही. खातानासुद्धा तो एका वारुळावर फार वेळ थांबत नाही, राखणदार सैनिक मुंग्या-वाळवी चावायला बाहेर आल्या की लगेच पुढच्या वारुळाकडे, त्यामुळे वारूळ पूर्ण संपत नाही आणि त्यालाच परत खायला मिळतं. आर्माडिलो मात्र दिवसभर बिळात गारव्याला.

हो, आणि जायंट आर्माडिलोची बिळं नुसती त्याची नसतात, पंतानालमध्ये कॅमेरे लावले तेव्हा वीसहून जास्त जातींचे प्राणी ती वापरताना सापडले. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही दर दोन-तीन वर्षांनी, म्हणून शिकारीने एक गेला तरी भरून यायला फार वेळ लागतो. याची जास्त काळजी वाटते मला.

रानवाटा:
दोघांचेही मनापासून आभार! मग आपलं कोकणातलं खवले मांजर यांच्यातलंच का? तेही मुंग्याच खातं, रात्रीच फिरतं.

वारूळवाला:
नाही दादा, नात्याने लांबचं. खवले मांजराचे खवले केराटिनचे, आपल्या नखांसारखे, आर्माडिलोचं कवच मात्र खाली हाडाच्या तकट्यांचं. आर्माडिलो आणि अँटईटर यांचा जवळचा नातेवाईक म्हणजे स्लॉथ (झाडाला उलटा लटकणारा संथ प्राणी), तर खवले मांजर मांसाहारी प्राण्यांच्या कुळाला जास्त जवळ. मुंग्यांवर जगायचं म्हणून लांब जीभ आणि मोठ्या नख्या दोघांकडेही वेगवेगळ्या आल्या. दात बघ, अँटईटर आणि खवले मांजर दोघांनाही एकही नाही, आणि जायंट आर्माडिलोला ऐंशी ते शंभर बारके खुंटासारखे दात.