बारावी आर्ट्सनंतर इंग्लिश लिटरेचर घेऊ का? घरी कोणालाच पटत नाही

वाळपईची_बाय

नमस्कार सगळ्यांना. बारावी आर्ट्स झाली, आता कॉलेजचे फॉर्म भरायचेत. मला बीए इंग्लिश मेजर (म्हणजे मुख्य विषय इंग्लिश) घ्यायचंय पण घरात रोज त्यावरून वाद. पप्पा म्हणतात बीकॉम कर, बँकेत कुठेतरी लागशील, मामा म्हणतो लिटरेचर शिकून काय कथा सांगत फिरणार का, आणि आई काही म्हणत नाही पण शेजारची नर्सिंगला गेली हे दिवसातून दोनदा ऐकवते.

माझं चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत झालं, पाचवीपासून इंग्लिश मिडियम. वाचते भरपूर, मराठी पण आणि इंग्लिश पण, लिहिते बऱ्यापैकी, पण वर्गात उभं राहून इंग्लिश बोल म्हटलं की घसा सुकतो. ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांनी सांगा, प्रत्यक्ष वर्गात काय करतात, माझ्यासारखीला झेपेल का, आणि नंतर गोव्यातच राहून पोटापाण्याचं काही होतं का. मुंबई-पुण्याला घरचे पाठवणार नाहीत. आणि प्लीज "पॅशन फॉलो कर" सांगू नका, ते इन्स्टावर रोज वाचते.

लेक्चर_बेसिस_मास्तर

शिकवतो म्हणून आधी मी लिहितो. घसा सुकतो त्याची काळजी सोड. पहिल्या वर्षाच्या वर्गात निम्मी मुलं तुझ्यासारखीच असतात, सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे अशा तालुक्यांतली, सगळ्यांची सुरुवात मराठी नाहीतर कोंकणी शाळेतून. जी फडाफड बोलतात ती सगळी चांगलं लिहितात असं मुळीच नाही, उलट पेपर तपासताना मला कितीदा उलटाच अनुभव येतो, बोलणारा दोन पानं हवेत मारतो आणि मागच्या बाकावरची न बोलणारी पोरगी नेमका मुद्दा पकडते. मार्क लिहिण्यावर आहेत. आयएसएमध्ये (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेत) एखादं प्रेझेंटेशन येतं, ते तयारी करून जमतं.

आता वर्गात काय करतात. लोकांना वाटतं इंग्लिश म्हणजे ग्रामर आणि स्पोकन. ते नाही. कविता, नाटक, कादंबरी वाचायची आणि ती कशी रचलीय, कोण सांगतंय, कोणाचं सांगायचं टाळलंय हे शोधून पुराव्यासकट लिहायचं. उदाहरण देतो. चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) बऱ्याच ठिकाणी लावलेली असते. नायजेरियातल्या एका गावची गोष्ट, अख्खी कादंबरी त्या एका माणसाचं आयुष्य, त्याचा राग, त्याची शेती, बायकापोरं, देव, सगळं गावाच्या आतून सांगते, आणि शेवटच्या परिच्छेदात एक गोरा जिल्हा अधिकारी येतो आणि मनात ठरवतो की मी पुस्तक लिहितोय त्यात या माणसावर एखादा परिच्छेद पुरे. (शेवट फोडला, सॉरी, पण परीक्षेला तोच विचारतात.) आता विद्यार्थ्याने विचारायचं की लेखकाने इतका वेळ गावाच्या डोळ्यांनी दाखवून शेवटी कॅमेरा एकदम त्या साहेबाकडे का दिला. ज्याला असा प्रश्न सुचतो आणि त्यावर दोन पानं लिहावीशी वाटतात त्याने हा विषय घ्यावा. ज्याला वाटतं गोष्ट संपली, पुढे चला, त्याने पप्पांचं ऐकावं, त्यात कमीपणा काही नाही.

कॉलेजाप्रमाणे पेपर बदलतात पण ढोबळ मानाने चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन, मग १७९८ च्या 'लिरिकल बॅलड्स'पासून रोमँटिक कवी, व्हिक्टोरियन कादंबऱ्या, टी. एस. एलियट, शिवाय आर. के. नारायण, राजा राव वगैरे भारतीय इंग्रजी, थोडं अमेरिकन आणि आफ्रिकन. चॉसर वारला १४०० साली, त्याचं इंग्लिश पहिल्यांदा बघून सगळ्यांना फेफरं येतं. घाबरू नकोस, ज्ञानेश्वरी त्याच्याही शंभरेक वर्षं आधीची आणि आपण ती अर्थ शेजारी ठेवूनच वाचतो, इथेही तसंच. खरी गाळणी लागते ती शेवटच्या वर्षांत, थिअरीला, म्हणजे साहित्य कसं वाचायचं त्याच्या सिद्धांतांना. सोस्यूर, देरिदा, एडवर्ड सैद. तिथे गाईड पाठ करणारे आपटतात.

आता कोर्स चार वर्षांचा झालाय, गोव्यात २०२३-२४ च्या बॅचपासून. तीन वर्षांनी साधी बीए घेऊन बाहेर पडता येतं, चौथं केलं तर ऑनर्स आणि मग एमए एका वर्षात. हे घरी नीट समजावून सांग, नाहीतर पप्पा चार अधिक दोन असा हिशोब करतील आणि नाहीच म्हणतील.

स्पष्ट_म्हापशेकर

सरांनी छान लिहिलं पण पैशाचं कोणी बोलणार का? मी बोलतो. माझी बहीण एमए इंग्लिश, हुशार, आणि कॉलेजात लेक्चर बेसिसवर. म्हणजे तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, आणि जूनमध्ये पुन्हा इंटरव्ह्यू द्यायचा तो पण त्याच खुर्चीसाठी. सरांचं युजरनेमच बघा. पर्मनंट पोस्ट निघते कधी आणि एका पोस्टला उमेदवार किती हे त्यांनाच विचार.

प्राध्यापक व्हायचं तर एमएला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, म्हणजे देशपातळीची नाहीतर राज्याची पात्रता परीक्षा. नेटमध्ये १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, आणि बसणाऱ्यांतले साधारण सहा टक्केच पात्र ठरवतात. निगेटिव्ह मार्किंग नाही एवढंच काय ते सुख. जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७ हजार, पण ती वरच्या मूठभरांना. गोव्याची सेट गोवा विद्यापीठ घेतं, तिथे पण तोच सहा टक्क्यांचा चाळणा.

शाळेत शिकवायचं तर बीए वर बीएड, दोन वर्षं. हायर सेकंडरीला एमए प्लस बीएड. शाळांना इंग्लिशची बाई लागतेच लागते, त्यामुळे इतर आर्ट्सवाल्यांपेक्षा इथे चान्स जरा बरा, हे मान्य करतो.

कंटेंट रायटिंगचं कोणी सांगेल तर जपून. पूर्वी पर्वरीत-पणजीत छोट्या एजन्सीज फ्रेशर घ्यायच्या, हॉटेलांचे ब्लॉग नि ब्रोशर लिहायला, आता ते काम मालक स्वतः चॅटजीपीटीवर करतो आणि वर आम्हाला दाखवतो बघ किती छान झालंय (छान नसतं). ज्याला दुसऱ्याचं लिहिलेलं तपासून सुधारता येतं त्याला काम आहे, नुसतं भरताड लिहिणाऱ्याला नाही.

आणि सरकारी नोकरी. बीए कुठल्याही विषयात चालते, क्लार्कपासून वरपर्यंत, पण पंधरा वर्षांचा रहिवास दाखला आणि कोंकणी येणं लागतं, मराठी येत असेल तर बरं असं लिहिलेलं असतं. म्हणजे बीकॉमच पाहिजे असं नाही हे पप्पांना सांग. बीकॉम झालेले पण त्याच रांगेत उभे असतात.

थोडक्यात घेऊ नको म्हणत नाही. पण एमए, नाहीतर बीएड, इथवर जायची तयारी असेल तरच घे, नुसत्या बीएवर थांबणार असशील तर कुठलाही विषय सारखाच.

फोंड्याचा_रंगकर्मी

म्हापशेकर भाऊ बरोबर आहेत, पण एवढं कडू करून सांगायची गरज नव्हती 😀

बाय, तुझ्या मामाला एक सांग. कथा सांगत फिरणार का म्हणतो ना, तुमच्या गावात जत्रेला, कालोत्सवाला नाटक होत असेलच, मामाने स्वतः तोंडाला रंग लावला नसेल तर मला नवल वाटेल. मग त्याला सांग की ज्या मराठी नाटकांवर आपण वाढलो त्यातली कितीतरी या लिटरेचरवाल्यांच्या कपाटातून आलीत. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केलं १८८३ मध्ये, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव', १८९०. 'नटसम्राट'मध्ये 'किंग लिअर'ची सावली आहे हे तर सगळ्यांना ठाऊक. विंदा करंदीकर पोटासाठी इंग्रजीच शिकवत होते. नेमाडे तर आपल्या गोवा विद्यापीठात इंग्रजी विभागात होते. म्हणजे इंग्लिश घेतलं म्हणून पोरगी मराठीतून गेली असं होत नाही, झालं तर उलटं होतं.

मी स्वतः बीए इंग्लिशवाला. शेक्सपिअरच्या पेपरला शहरातली मुलं नोट्स चाळत बसायची आणि मला ते सगळं ओळखीचं वाटायचं. भूत येतं, राजा मरतो, मधेच विदूषक येऊन पांचट बोलतो आणि त्या पांचटात खरी गोष्ट सांगून जातो, आमच्याकडे दशावतारात संकासूर दुसरं काय करतो? सर विचारायचे 'मॅकबेथ'सारख्या एवढ्या गंभीर नाटकात हा दारुडा दरवान कशाला घुसवला, तर मला उत्तर पुस्तकात शोधावं लागलं नाही. तू मंडपात बसून रात्र रात्र नाटकं बघितली असशील तर ते भांडवल आहे. वापर.

अजून एक, जरा विषयांतर. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ ला गोव्यात आला, शेक्सपिअरच्याच काळातला माणूस, साष्टीत राहिला आणि त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिलं, दहा हजारांवर ओव्या. ते रायतूरला छापलं गेलं १६१६ मध्ये, आणि त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअर वारला. एक इंग्रज इथे येऊन मराठीत ओव्या लिहू शकला तर सत्तरी तालुक्यातल्या मुलीने इंग्लिशात निबंध लिहायला कोणाची परवानगी घ्यायची? (मराठी की कोंकणी हा वाद इथे काढू नका, हात जोडतो.)

वाळपईची_बाय

सगळ्यांना देव बरें करूं. मामा खरंच नाटकात असतो, राक्षस करतो दरवर्षी 😂 त्याला आज रात्रीच विचारते.

म्हापशेकर दादा, तुमचं वाचून आधी पोटात गोळा आला पण बरं झालं कोणीतरी आकड्यांत सांगितलं. बीएडची तयारी आहे माझी. दोनच विचारायचे राहिले. आत्तापासून कॉलेज सुरू होईपर्यंत काय वाचू, पुस्तकं विकत घ्यायला परवडणार नाहीत. आणि मायनर, म्हणजे जोडविषय, कुठला घेऊ?

पाटो_लायब्ररीवाली

पुस्तकांवर खर्च करूच नकोस. पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, कृष्णदास शामा, १८३२ पासूनची, मेंबरशिप करून टाक. वाळपईहून दर आठवड्याला जमणार नाही हे कळतं, पणजीला कामाला येशील तेव्हा एकदम दोन-तीन घेऊन जा. जुने लेखक सगळे फोनवर फुकट मिळतात, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर, कारण त्यांचा कॉपीराइट कधीच संपलाय. शेक्सपिअर, डिकन्स, ऑस्टिन, एक पैसा लागत नाही. पुढे अवघड पेपर आला की ई-पीजी पाठशाळा या सरकारी साइटवर इंग्लिशचे धडे आहेत, एमएच्या लेव्हलचे पण समजतात.

काय वाचू विचारलंस तर मी चॉसर-मिल्टन आधी वाच म्हणणार नाही, ते शिकवतील. तू आर. के. नारायणचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' घे, १९३५ चं, साधं इंग्लिश, शाळकरी पोराची गोष्ट, दोन दिवसांत होतं. मग लॅम्बर्ट मास्कारेन्हस यांची 'सॉरोइंग लाइज माय लँड', पोर्तुगीज काळातल्या गोव्याची कादंबरी, त्यात तुझ्या ओळखीचं पुष्कळ सापडेल. कवितेत युनिस डिसूझा वाच, गोव्याच्या घराण्यातली, कविता अगदी छोट्या नि तिखट, पहिल्यांदा वाचून वाटतं हे एवढंच? दुसऱ्यांदा लागतं. कोलटकरांची 'जेजुरी' तर वाचच. वाचताना पेन्सिल हातात ठेव, आणि पुस्तक संपलं की पान-दीड पान स्वतःच्या शब्दांत लिही, गोष्ट काय ते नको, तुला काय खटकलं ते. घरच्या घरी ही सवय लागली तर कॉलेजात अर्धं काम झालेलं असेल.

बोलण्याचं म्हणशील तर कविता मोठ्याने वाच, मागीलदारी, कोणी नसताना. मी तेच केलं. वर्गात हळूहळू होतं.

आता पैशाचं, म्हापशेकरांनी एक सोडलं. भाषांतर. मराठी-कोंकणी-इंग्लिश तिन्ही नीट येणारी माणसं फार थोडी, बहुतेकांचं एक तरी कच्चं असतं. जेरी पिंटोंनी दया पवारांचं 'बलुतं' इंग्लिशमध्ये नेलं, दामोदर मावजोंना ज्ञानपीठ मिळालं आणि त्यांची पुस्तकं बाहेरचे लोक इंग्लिशमधूनच वाचतात, कोणीतरी ते काम केलंय ना. पुस्तकांच्या भाषांतरावर घर चालत नाही, स्पष्ट सांगते. पण मी सबटायटल, माहितीपत्रकं, एनजीओंचे रिपोर्ट, असं बारीकसारीक करते आणि पगाराला चांगली जोड होते. एआय ते पण करतं, माहीत आहे, पण कोंकणी-मराठीतून करताना जे दिवे लावतं ते दुरुस्त करायचे पैसे मला मिळतात.

मायनर. शाळेत जायचं पक्कं असेल तर तुझ्या कॉलेजात मराठी किंवा कोंकणी मायनर असेल तर ते घे, शाळेला दोन भाषा शिकवणारी बाई जास्त उपयोगी पडते. सायकॉलॉजी पण चांगली, बीएडला कामी येते. पण सगळ्या कॉलेजात सगळे मायनर नसतात, प्रॉस्पेक्टस हातात घेऊनच ठरव, आणि मेजर-मायनरचे तास एकमेकांवर येत नाहीत ना ते ऑफिसात विचार, कारण आमच्याकडे ते आले होते आणि सेमिस्टर निम्मं झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं.

लेक्चर_बेसिस_मास्तर

मायनरबद्दल पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो, कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, बसचा टायमिंग बघ. वाळपईहून साखळीचं सरकारी कॉलेज जवळ, फी कमी. प्रवासात रोजचे तीन तास गेले तर कादंबऱ्या कधी वाचणार? बसमध्ये वाचता येत असेल तर गोष्ट वेगळी, मला चक्कर येते.

स्पष्ट_म्हापशेकर

युजरनेमवरून बोललो त्याचा राग मानू नका सर. यंदा तरी पोस्ट निघतेय का काही?

लेक्चर_बेसिस_मास्तर

जाहिरात आली की इथेच टाकतो. तुमच्या बहिणीला पण सांगा, फॉर्म दोघेही भरू.