अविवाहित मुली कमावतात, मतं देतात; गावचं राजकारण त्यांना हिशेबात कधी धरणार?

गोदाकाठची, परभणी

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची आमच्या गावात बैठक झाली. पॅनलवाले घरोघरची मतं मोजत होते. एका घरात तीन धरली: आई, बाप, मुलगा. चौथं मत आहे सत्तावीस वर्षांच्या मुलीचं. ती तालुक्याला नर्स आहे आणि घरकर्जाचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. "ती काय, आज ना उद्या जायचीच," म्हणून तिला सोडून दिलं. नाव यादीत, मत पक्कं, तरी मोजणीत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लग्न न झालेल्या कमावत्या बायकांचं वजन मराठवाड्यात वाढलंय आणि त्यांनी आता अविवाहित म्हणूनच मागण्या मांडायला हव्यात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा आहेत. पहाटे गंगाखेड रोडला पोलीस भरतीच्या ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुली दिसतात, एखादीचा बाप मोटारसायकलचा उजेड टाकत मागून येतो. भावाचं खत-बियाणं, बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, धाकटीच्या क्लासची फी, कितीतरी घरांत हे अशा मुली भरतात.

आणि सरकारदरबारी? लाडकी बहीण योजनेचा पहिला निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्या होत्या, अविवाहित नव्हत्या. काही दिवसांनी त्यांना घेतलं, तेही एका कुटुंबात एकच. दोघी बहिणी मिळून घर चालवत असतील तर दुसरीचं काय? संजय गांधी निराधार योजनेत अविवाहित स्त्रीला पस्तिशी ओलांडावी लागते आणि घरचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं.

काळी माती, माजलगाव

ताई, तुमची नर्स खरी. पण तशा किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के, आमच्या बीडमध्ये ४३ च्या वर. राज्याचा आकडा २२ च्या आसपास. जिथं एवढ्या पोरी अठरा व्हायच्या आत उजवल्या जातात, तिथं अविवाहित बायकांची ताकद वाढली म्हणायला जीभ रेटत नाही.

ऊसतोडीत बघा. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीला नेते, तो एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, तिला टोळीत घ्यायला कोणी राजी नसतं. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात. तुम्ही पगारवाल्यांचं बोलताय. आमच्याकडं लग्न हीच रोजगाराची अट आहे.

गोदाकाठची

मग तीच मागणी होऊ दे ना! एकट्या बाईला तिच्या नावानं उचल मिळावी, ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्रावर तिची स्वतंत्र नोंद व्हावी. लग्नाशिवाय काम मिळत नाही, हा प्रश्न अविवाहित मुलीचाच आहे. तो विवाहितेच्या योजनेतून सुटणार नाही.

गुरुजी, अंबाजोगाई

मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. शिकवलेल्या कितीतरी मुली आज नोकरीत आहेत, त्याचा मला अभिमान आहे. तरीही गोदाकाठच्या ताईंशी मी सहमत नाही.

अविवाहित असणं हा आपल्याकडं आयुष्याचा एक टप्पा आहे. आज पंचवीस वर्षांची असलेली मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी सासरी असेल, तिचं नाव दुसऱ्या गावच्या मतदार यादीत जाईल. पाच वर्षांनी ज्यांचं मत इथं नसेल, त्यांच्यासाठी कोणता पुढारी राबेल? शिवाय मत देताना ती घराचा, जातीचा, गटाचा विचार करते. लग्न झालं की नाही याचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. पगार येतो म्हणून बापच स्थळं परत लावतो, हे मी जवळून पाहिलंय. मुलगी तिशीला आली, तिला लग्न करायचंय, पण धाकट्याचं शिक्षण, घराचं बांधकाम, एकेक कारण पुढं येतं. एटीएम कार्ड भावाच्या खिशात. याला वजन म्हणायचं? ही तर तिच्या पगाराची ओढाताण आहे.

कायद्याचं बोला, लातूर

वकिली करतो म्हणून जमिनीचं सांगतो, खरं वजन सातबाऱ्यावर दिसतं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतका हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे तेव्हा कायद्यानंच अविवाहित मुलीचं पारडं जड केलं होतं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेद गेला. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही.

व्यवहारात लग्नानंतर कधीतरी हक्कसोडपत्र पुढं येतं. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. घरातच राहणारी अविवाहित बहीण सहसा करत नाही, कारण तिला त्याच घरात म्हातारं व्हायचंय. माझ्याकडं वाटणीसाठी येणाऱ्यांत अशा बहिणी आता दिसू लागल्यात. गुरुजी, हे वजन मतपेटीत मोजता येत नाही, पण भावांना चांगलंच जाणवतं.

काळी माती

जाणवतं, वकीलसाहेब, मी भाऊच आहे. कोरडवाहू तीन एकर, त्यात सोयाबीन. वाटे पडले तर कोणाचंच पोट भरत नाही. बहिणीचा हक्क मी नाकारत नाही, पण तिला पगार आणि जमीन दोन्ही, अन् आम्हाला फक्त नापिकी, असं व्हायला नको.

आणि पोरांचं कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांच्या आत हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. ती पोरं आता लग्नाच्या उंबरठ्यावर आहेत. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही आणि नोकरीवाल्या मुली लग्न पुढं ढकलतात.

शिलाई मशीन, हिंगोली

दादा, त्या ८०७ चा जाब मुलींना विचारू नका. गर्भात मारलेल्या बहिणींचा हिशेब जिवंत राहिलेल्यांनी लग्न करून का फेडायचा?

मी अडतीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही आणि करणार नाही. गुरुजी, माझा हा टप्पा नाही. बचत गटात घेताना बायका म्हणाल्या, तू उद्या गेलीस तर कर्ज कोण फेडणार? मायक्रोफायनान्सवाला नवऱ्याचं आधार कार्ड मागतो. वडिलांचं चालत नाही, त्यांचं वय झालंय. माझी दोन मशीनं आहेत, सगळ्या शाळांचे गणवेश मी शिवते, एक हप्ता कधी चुकला नाही.

मागं आमचं सरपंचपद महिलेसाठी सुटलं, तेव्हा माझं नाव निघालं होतं. म्हणाले, हिच्यामागं माणूस कोण? मग लग्न झालेली बाई निवडली. ती चांगली आहे, पण शिक्का तिच्या नवऱ्याच्या खिशात असतो, ग्रामसभेत तोच बोलतो. मागं माणूस नसणं ही माझी कमजोरी कशी? सही माझी असती आणि निर्णयही माझाच असता.

गुरुजी

बाई, तुमच्यासारखी सरपंच मला आवडली असती. तुमच्या मागण्याही रास्त आहेत, गट आणि कर्जाचं तर लगेच व्हायला हवं. पण एका गावात तुमच्यासारख्या दोघी-तिघी. तेवढ्यावर पुढारी हलत नाहीत. विधवा, परित्यक्ता आणि तुम्ही मिळून एकल महिला म्हणून उभ्या राहिलात तर आकडा होईल. नुसत्या अविवाहितांचा होणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

गोदाकाठची

एकल महिलांसोबत उभं राहायला माझी ना नाही. पण तिथंही आमची रांग शेवटची नको, लाडकी बहीणमध्ये झाली तशी. आमच्या वॉर्डातल्या पंचविशीपुढच्या अविवाहित मतदार मुलींची यादी मी करतेय. ती पॅनलवाल्यांपुढं ठेवणार आणि विचारणार: बचत गटात यांना घेणार का, आणि राखीव जागेवर यांच्यातली उमेदवार देणार का?

काळी माती

यादी करा. मला अजून पटलेलं नाही, तरी करा. फक्त फडावर गेलेल्या पोरी सोडू नका. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी टोळ्या कारखान्यांकडं निघून गेल्या होत्या. आई-बापाबरोबर गेलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी तुमच्या यादीत कशी येणार, ते आधी सांगा.