मदत हवी आहे: पोस्टग्रेसचे स्वतंत्र पॅकेज केले, पण ग्राहकाकडे पीएसक्यूएल उघडत नाही

अडलेला_हरी: आमच्या प्रणालीबरोबर देण्यासाठी पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस सोर्सपासून बिल्ड करून त्याचे वेगळे पॅकेज केले आहे, कारण ग्राहकाच्या सर्व्हरवर आधीपासून असलेल्या जुन्या आवृत्तीला हात लावायचा नाही. माझ्याकडे सगळे सुरळीत चालते. ग्राहकाकडे डेटाबेस सुरू होतो, पण त्याला आज्ञा देण्याचा प्रोग्राम पीएसक्यूएल लगेच बंद पडतो. उद्या सकाळी हे द्यायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

चौकस: बंद पडते म्हणजे नेमके काय होते? एररचा मजकूर आणि कॉन्फिगर करताना दिलेला प्रीफिक्स (म्हणजे इन्स्टॉल करायच्या जागेचा पत्ता), यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

डबाबंद: एवढा खटाटोप कशासाठी? डॉकर इमेज (सगळे एकत्र बांधलेला तयार डबा) द्या आणि मोकळे व्हा.

अडलेला_हरी: तिथे डॉकरला परवानगी नाही, हे लिहायचे राहिले. एरर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: पीक्यूएमबीलेनबाउंडेड' अशी आहे, म्हणजे या नावाचे फंक्शन सापडत नाही. प्रीफिक्स /होम/बिल्ड/पीजीएसक्यूएल होता; तोच फोल्डर टार करून (एका फाइलीत बांधून) ग्राहकाकडे /ऑप्टमध्ये उघडला.

जुनाजाणता: इथेच चुकले. पोस्टग्रेस एकदा बिल्ड केले की जागेवरून हलवता येत नाही, त्याच्या सहायक फाइलींचा शेअर फोल्डर सापडत नाही.

चौकस: हे बरोबर नाही. बिन, लिब आणि शेअर यांची आपसातली मांडणी तीच राहिली तर सर्व्हर स्वतःच्या बायनरीच्या जागेवरून शेअर शोधून काढतो. यांचा डेटाबेस सुरू होतो तो त्यामुळेच. अडचण लिबपीक्यूची, म्हणजे डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या लायब्ररीची आहे. ती मुख्य सर्व्हरला लागत नाही, पीएसक्यूएलला लागते, आणि पीएसक्यूएलच्या रनपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणाऱ्या, प्रोग्राममधल्याच नोंदीत) बिल्ड मशीनवरचा पत्ता कोरलेला आहे. तो पत्ता ग्राहकाकडे नसल्याने लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) तिथली जुनी लायब्ररी उचलतो, आणि दोन्हींचे नाव लिबपीक्यू.एसओ.५ असेच असल्यामुळे कुरकुरही करत नाही. कोणती लायब्ररी उचलली जाते ते दाखवणारी एलडीडी आज्ञा चालवून पाहा.

अडलेला_हरी: खरे आहे. /यूएसआर/लिब६४ मधली ५.१२ दिसते, आमची ५.१६ आहे.

जुनाजाणता: मग एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये (लायब्ररींच्या जागांची सर्व सिस्टिमसाठीची यादी) तुमच्या लिबच्या पत्त्याची एक ओळ टाका आणि एलडीकॉन्फिग चालवा. मी वर्षानुवर्षे हेच करत आलो आहे.

चौकस: तसे केल्यास ग्राहकाचे इतर प्रोग्रामही यांची लायब्ररी उचलू लागतील, आणि नेमके तेच टाळायचे आहे. पॅचएल्फ या साधनाने तयार बायनरीतला रनपाथ $ओरिजिन/../लिब असा करा; $ओरिजिन म्हणजे त्या फाइलीचा स्वतःचा फोल्डर.

नियमावली: पोस्टग्रेसचा परवाना उदार असला तरी त्यातील कॉपीराइटचा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवावा लागतो. तो पॅकेजमध्ये घातला आहे ना?

अडलेला_हरी: परवान्याचे नंतर पाहतो. पॅचएल्फ चालवले, तरी एलडीडी पुन्हा ५.१२ कडेच जाते.

चौकस: दुहेरी अवतरणचिन्हे वापरलीत का? तसे असल्यास शेलने $ओरिजिन गिळले असेल. बायनरीतल्या नोंदी दाखवणाऱ्या रीडएल्फमध्ये काय दिसते?

अडलेला_हरी: '/../लिब' एवढेच उरले होते! एकेरी अवतरणात दिल्यावर पीएसक्यूएल उघडले. बॅकअप घेणाऱ्या पीजी_डम्पलाही तसेच केले.

चौकस: रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची प्रत ठेवणे) वापरणार असाल तर त्यासाठी लागणाऱ्या लिबपीक्यूवॉलरिसीव्हर या लायब्ररीलाही करा, ती लिबमध्येच असल्याने तिला नुसते $ओरिजिन पुरते. पुढच्या बिल्डला प्रीफिक्स अंतिम जागेचा द्या आणि फाइली तात्पुरत्या वेगळ्या फोल्डरमध्ये गोळा करण्यासाठी मेक इन्स्टॉलचा डेस्टडिर हा पर्याय वापरा. शिवाय ग्राहकाकडे एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी शोधण्याची जागा सांगणारे व्हेरिएबल) सेट नाही ना, तेही पाहा. रनपाथच्या आधी त्याचा मान असतो.

अडलेला_हरी: मी रूटने तपासत होतो. त्यांच्या रोजच्या युजरच्या प्रोफाइलमध्ये नेमकी एलडी_लायब्ररी_पाथ सेट करणारी ओळ आहे.

चौकस: मग पॅचएल्फला --फोर्स-आरपाथ जोडा, म्हणजे रनपाथऐवजी आरपाथ लिहिला जाईल आणि त्याचा मान एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी असतो; आणि त्याच युजरने लॉगिन करून पुन्हा तपासा.