रुमाल बांधला आणि शूटिंग केलं म्हणून पाच तास 'बसवून ठेवलं', हे चालतं का?

कपाशीवाला
मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. भाचा माझा, वय १९, खान्देशातल्याच एका तालुक्याच्या गावी शिकायला आहे. दुपारी चारला मित्राबरोबर गाडीवर बाजारपेठेतून येत होता, ऊन कसलं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पारा ४४ ला टेकलेला, दोघांच्या तोंडाला आपला पांढरा बागायती रुमाल. चौकात नाकाबंदी. त्या आठवड्यात तोंड बांधलेल्या पोरांनी गावात दोन बायांच्या सोनसाखळ्या ओढल्या होत्या, म्हणून थांबवत होते. थांबवलं, ठीक. लायसन मागितलं, दाखवलं, रुमाल पण खाली केला. मग मित्र काहीतरी उलट बोलला आणि त्याच्या कानाखाली बसली. भाच्याने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं आणि तिथून सगळं फिरलं. मोबाईल हिसकला, क्लिप डिलीट करायला लावली, दोघांना गाडीत घालून ठाण्यात नेलं.

रात्री नऊला मी जाऊन सोडवून आणलं. कोणत्या गुन्ह्यात आणलं विचारलं तर म्हणे 'अटक नाहीये हो, नुसतं बसवून ठेवलंय'. वर हे पण सांगितलं की तोंड बांधून फिरायला बंदी आहे आणि पोलिसांचं शूटिंग करणं गुन्हा आहे. कागद एकच झाला, तो माझ्या सहीचा, पोरं सुखरूप मिळाली आणि काही तक्रार नाही असा. मी सही केली, कारण पोराला रात्री तिथे ठेवायचं नव्हतं.

सगळ्यात जास्त लागलं ते हे की ज्याने मोबाईल हिसकला तो साध्या कपड्यात होता आणि त्याच्या पण तोंडाला रुमाल होता. नाव नाही, नंबर नाही. आज मला तक्रार करायची म्हटली तर कोणाविरुद्ध करू?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या हातात माणसाला उचलून न्यायची पॉवर आहे त्याचं तोंड उघडं पाहिजे, छातीवर नाव पाहिजे आणि रस्त्यावर चाललेलं त्याचं काम कोणी मोबाईलमध्ये घेतलं तर त्याला हात लावायचा नाही. शेतातून येणाऱ्या माणसाच्या रुमालाचा प्रश्न नंतरचा आहे.

पोलिसाची_घरची
दादा, तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटलं, कानाखाली मारायला नको होतं, हे आधी लिहिते. पण आता माझं ऐका. माझे मिस्टर १४ वर्षं झाली खात्यात आहेत. गणपती, ईद, निवडणूक, सगळे बंदोबस्त, सोळा-सोळा तास उभं राहायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक क्लिप फिरली, २० सेकंदांची. त्यात ते एका माणसाला ढकलताना दिसतात. त्याच्या आधी तो माणूस दारू पिऊन एका म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेला होता ते क्लिपमध्ये नाहीच. चौकशी लागली, शेवटी काही निघालं नाही, पण पोरीला शाळेत पंधरा दिवस चिडवत होते त्याची भरपाई कोण करणार? जो तो मोबाईल नाकासमोर धरून 'नाव सांगा, नाव सांगा' करतो, अशात माणूस काम कसं करेल.

आणि साध्या कपड्यातल्यांचं म्हणाल तर एलसीबीची, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेची, पोरं टोळ्यांच्या मागावर असतात. त्यांचा चेहरा एकदा ग्रुपवर फिरला की ते उद्या मागावर जाऊच शकत नाहीत, आणि घरी बायकापोरं असतात.

वकील_धुळेकर
मी कोर्टात रोज हेच बघतो म्हणून थोडं लांब लिहितो, दोन्ही बाजूंना काही आवडेल काही नाही.

रुमालाचं आधी. तोंड झाकण्यावर महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम १२२ मध्ये चेहरा झाकण्याचा उल्लेख आहे पण त्यात दोन अटी आहेत, वेळ सूर्यास्त ते सूर्योदय आणि इरादा गुन्हा करण्याचा. दुपारी चारला, लायसन दाखवलेल्या, रुमाल खाली केलेल्या पोराला हे कलम कसं लावणार?

'बसवून ठेवलं' हा शब्द कायद्यात कुठेच नाही. माणूस उठून जाऊ शकत नाही म्हणजे तो ताब्यात आहे. अटक केली तर कारण सांगायचं, नातेवाइकाला कळवायचं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे घटनेच्या कलम २२ पासून सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापर्यंत सगळीकडे आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल असं नाव पाहिजे हे त्या निकालात होतं आणि आता बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३६ मध्ये पण आहे. नुसती चौकशी करायची तर लेखी नोटीस देऊन बोलवायची सोय आहे. अटक म्हटलं की हे सगळं करावं लागतं, म्हणूनच 'अटक नाहीये' म्हणतात.

आता तुम्हाला न आवडणारं. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस लागू झाला त्यात कलम १७२ नवीन आलंय, जुन्या सीआरपीसीत नव्हतं. पोलिसाचा कायदेशीर आदेश मानला नाही तर तो माणसाला ताब्यात घेऊ शकतो, आणि किरकोळ प्रकरण असेल तर २४ तासांच्या आत लवकरात लवकर सोडायचं. म्हणजे बसवून ठेवायला आता एक खिडकी मिळालीय. 'आम्ही सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही' एवढं लिहिलं की झालं. पण लिहावं तर लागतंच. तुमच्या केसमध्ये स्टेशन डायरीत नोंद आहे का ते आधी बघा.

शूटिंगला मनाई करणारं असं सरळ कलम नाही, आणि शूटिंगचा हक्क असं वेगळं कलम पण नाही, तो बोलण्याच्या स्वातंत्र्यातून, घटनेच्या कलम १९(१)(अ) मधून काढावा लागतो. २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की पोलीस ठाणं हे १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून तो गुन्हा लागत नाही. ठाण्याच्या आत लागत नाही तर भर चौकात काय लागणार? मात्र वादावादीत धक्का लागला की नव्या दंडसंहितेचं बीएनएस १३२ लागतं, सरकारी नोकराला कामात बळाने अडवल्याचं, आयपीसीचं जुनं ३५३, आणि ते अजामीनपात्र आहे. म्हणून आमच्या पोरांना मी सांगतो, दहा पावलं मागे राहा, मोबाईल छातीशी धरा, एक शब्द बोलू नका.

साक्रीकर
तुन्हं म्हननं पटस भो, पन आमना तालुकामा काय व्हयनं ते बी ध्यानमा ठेव. १ जुलै २०१८, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली अशा क्लिपा गावोगाव फिरत होत्या आणि त्या अफवेवर भिक्षेकरी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. बाजाराचा दिवस होता. लोक काय करत होते? शूटिंग. वाचवायला जाणारे हात कमी, मोबाईल धरणारे जास्त. तेव्हापासून मला 'शूटिंग माझा हक्क' हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. मोबाईल हातात असला म्हणजे माणूस साक्षीदार होतो असं नाही.

कपाशीवाला
साक्रीकर भाऊ, राईनपाड्याचं नाव घेतलं की मान खाली जाते, वाद नाही. पण त्याच व्हिडिओंवरून मारणारे ओळखू आले हे पण खरं आहे ना. नुसतं कॅमेरा वाईट म्हणून भागत नाही, अफवेची क्लिप फिरवणं वेगळं, आणि समोर चाललेलं घेऊन साहेबांपुढे, कोर्टापुढे ठेवणं वेगळं.

ताई, तुमच्या मुलीचं वाचून खरंच वाईट वाटलं. २० सेकंदांची क्लिप खोटं बोलते हे मान्य. पण मग पूर्ण क्लिप पाहिजे, नाहीशी केलेली नको. भाच्याची क्लिप राहिली असती तर त्यात मित्र काय बोलला ते पण आलं असतं, तुमच्या बाजूचं. आणि एलसीबीच्या माणसाचा चेहरा लपवायचा असेल तर त्याला नाकाबंदीत उभा करू नका, एवढंच.

स्कूटीवाली
मी रोज अठरा किलोमीटर स्कूटीवर जाते बँकेत. स्टोल बांधल्याशिवाय मार्च ते जून इथे बाई घराबाहेर पडू शकत नाही, ऊन आहे, धूळ आहे, आणि खरं सांगायचं तर टपरीवरच्या नजरा पण आहेत. कपाशी वेचणाऱ्या बाया तोंड बांधतात, फवारणीवाला बांधतो. २०२० मध्ये तोंड झाकलं नाही म्हणून याच चौकात माझ्याकडून दंड घेतला होता, पावती अजून आहे.
चेहरा बघायचाय तर बाई पोलीस उभी करा, मी स्टोल काढून दाखवते आणि जाते, अर्ध्या मिनिटाचं काम.

रावेर_ते_पुणे
सगळे एकाच बाजूने चालले म्हणून विरोधात लिहितो. चेहरा झाकलेल्या माणसाची भीती खरी असते हो. माझ्या आईची पोत तशीच गेली, तोंड बांधलेला होता, सीसीटीव्हीत दिसतो पण ओळखता येत नाही. दोन वर्षं झाली. बाहेर देशात असे कायदे आहेत आणि सगळे जुलमी नाहीत. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९५१ मध्ये तोंड झाकण्यावर बंदी आणली ती कू क्लक्स क्लॅनच्या बुरखेवाल्यांसाठी, काळ्या लोकांना दहशत घालणाऱ्यांसाठी. कॅनडात २०१३ पासून दंगलीत तोंड झाकलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दंगलीपुरता, मोर्चापुरता असा कायदा इथे का नको?

वकील_धुळेकर
कारण कायदा कोणासाठी आणला आणि लागला कोणाला यात फरक पडतो. न्यूयॉर्कचा १८४५ चा कायदा कुळांच्या विरोधात होता, खंड द्यायला नकार देणारी शेतकरी कुळं वसुलीला आलेल्यांना वेष बदलून हुसकावत होती म्हणून. तो १७५ वर्षं राहिला, पुढे मोर्चेवाल्यांवर वापरला गेला आणि २०२० मध्ये करोनात रद्द करावा लागला. हाँगकाँगने ऑक्टोबर २०१९ मध्ये मास्कबंदी आणली, त्यासाठी १९२२ चा ब्रिटिशांच्या काळातला आणीबाणीचा कायदा बाहेर काढला, आणि वर्षभरात करोनामुळे मास्क सक्तीचा झाला. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये उलट बाजूने कायदा केला, ड्युटीवरच्या पोलिसांनी तोंड झाकायचं नाही म्हणून, आणि तिथलं केंद्र सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं. कपाशीवाल्यांचा मुद्दा तिथे पण चालूच आहे.

तुमच्या आईची पोत ओढणाऱ्याला पकडायला चोरीचं कलम पुरेसं आहे. रुमालाचा कायदा आणला तर तो सापडणार नाही, स्कूटीवाल्या ताई सापडतील.

पोलिसाची_घरची
वकीलसाहेब, कायदे तुम्हाला पाठ आहेत, पण चौकात उभ्या राहणाऱ्याला वरून नुसतं 'दहा संशयित तपासा' एवढंच येतं. त्याला बॉडी कॅमेरा द्या ना. त्याचं पण शूटिंग, तुमचं पण शूटिंग. मिस्टर म्हणतात मला कॅमेरा दिला तर मीच आधी चालू करेन.

कपाशीवाला
हे शंभर टक्के पटलं ताई.

आज काय केलं ते सांगतो. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे, आवाजासकट, आणि फुटेज १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर. भाच्याचे १८ महिने अजून झालेले नाहीत. म्हणून त्या दिवशीचं दुपारी चार ते रात्री नऊचं फुटेज जपून ठेवा आणि मला द्या असा माहिती अधिकारात अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. स्टेशन डायरीच्या त्या पानाची नक्कल पण मागितलीय. बहीण घाबरलीय, पोराचं पुढे भरतीचं फॉर्म भरायचं आहे, त्याला स्वतःला पोलीसच व्हायचंय. पण अर्ज त्यानेच लिहिला, मी फक्त बरोबर गेलो.

पोलिसाची_घरची
फुटेज मिळालं तर इथे सांगा. आणि ठाण्यात आल्यावर पोरांनी शिवीगाळ केलेली निघाली तर ते पण लिहा.

कपाशीवाला
लिहीन.