बाळाची कवटी आधीच जुळलीय, ऑपरेशन सांगितलंय. कुणी केलंय का?

नवी_आई: लेक 5 महिन्यांचा. डोकं पुढेमागे लांबट, मधोमध हात फिरवला की बांध लागतो. थ्रीडी सीटीत सॅजायटल सिनोस्टोसिस निघालं, म्हणजे कवटीच्या हाडांमधला मधोमधचा सांधा (शिवण) वेळेआधीच जुळलाय. सर्जन म्हणतात, 9-10 महिन्यांचा झाला की करू. सासूबाई म्हणतात, मालिशवाल्या मावशी दाबून गोल करतील, मोहरीची उशी ठेव. कवटी उघडणार म्हटल्यापासून झोप उडालीय.

कानडोळा: अगं, आमच्याकडे हेच झालं. मोहरीची उशी, मावशींचे हात, सगळं करून झालं. एकाच कुशीवर झोपून चपटं झालेलं डोकं कूस बदलून सुधारतं, पण जुळलेली शिवण दाबून सुटत नाही. आडवी वाढ अडली की डोकं पुढेमागे वाढतं. पहिल्या डॉक्टरांनी ‘होईल गोल’ म्हणून घरी पाठवलं, त्यात आमचे महिने गेले. नाहीतर 3-4 महिन्यांपर्यंत दुर्बिणीने छोट्या छेदातून होतं, नंतर काही महिने हेल्मेट. आमचं 10व्या महिन्यात मोठंच झालं. या कानापासून त्या कानापर्यंत छेद, पण मुद्दाम नागमोडी, म्हणजे केसांत लपतो. हाडं नव्याने मांडून विरघळणाऱ्या पट्ट्यांनी बसवली. रक्त चढवावं लागलं, त्याची सोय आधीच विचारून ठेव.

एक मात्र मला कुणी धड सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे सुजून गच्च बंद. दिसेना म्हणून माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या चाचपून ओळखायचा. चौथ्या दिवशी एक डोळा किलकिला झाला, आणि साहेबांनी आधी सलाईनची नळी ओढली!

आणि हो, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं राहिलंच, ते थिएटरातच निघालं. सिस्टरना सांगून पुडीत बांधून आणलं.

वॉर्डातली_सिस्टर: न्यूरोसर्जनबरोबर प्लास्टिक सर्जन आणि लहान मुलांचे भूलतज्ज्ञ आहेत ना, एवढं विचारा. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या, मेंदूवर दाब असेल तर तिथे दिसू शकतो. साधारण 2000-2500 बाळांमागे एकाची कुठली तरी शिवण अशी जुळते, तुम्ही एकट्या नाही. डोक्यातून घालायचे कपडे नेऊ नका, पुढून बांधायची झबली न्या.

नवी_आई: सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, झबली मी शिवते, आणि त्या बाईला विचार, जावळाची पुडी कागदाची की कापडाची?