एफवाय बीएस्सी : ओपन इलेक्टिव्ह नक्की कसं निवडायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाची यंदा एफवाय बीएस्सीला गेली. घरात कॉलेजचं बघणारा मीच, पण माझं शिक्षण जुन्या पद्धतीचं: तीन विषय घेतले, संपलं! आता मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (म्हणजे ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस... फॉर्म आहे की औषधाची चिठ्ठी?

एवढं कळलंय की नवीन शैक्षणिक धोरणात सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले श्रेयांक) लागतात आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचं घ्यायचं असतं. तिला मानसशास्त्र हवं होतं, पण पोर्टल उघडून तासाभरात जागा भरल्या. उरलंय ते कॉमर्सचं, आणि त्याची वेळ नेमकी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलवर येते. ऑफिसात विचारलं तर 'आत्ता काहीतरी भरून टाका, नंतर बघू' म्हणाले.

हे 'नंतर' खरंच असतं का? पुढच्या सेमिस्टरला ओई बदललेलं चालतं का? 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टल‌वरचा कोर्स करून ते क्रेडिट एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा केले, तर कॉलेज ओईच्या जागी धरतं का, की आधी लेखी परवानगी लागते? शिवाय मायनर पुढे बदलता येतो का?

कुणाची मुलं यातून गेली असतील तर विद्यापीठाचं नाव घालून सांगा, नियम सगळीकडे सारखे दिसत नाहीत. फॉर्मची मुदत शुक्रवारी संपतेय.